दहा किलोमीटर: पुण्यात ५८ मिनिटं, गावाकडं ५३. असं का?

मांजराकाठ (धागाकर्ता)

वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर केज तालुक्यात, गावाकडं आलोय. लॅपटॉप सोबत आहे, त्यामुळं कंपनीला फरक पडला नाही. फरक पडला तो माझ्या पळण्यात.

पुण्यात चार वर्षं पळतोय. एकटा. कानात गाणी, मनगटावर घड्याळ, पायात बायकोला खरी किंमत न सांगितलेले बूट. दहा किलोमीटरला ५८ मिनिटं. तक्ते पाळले, बीटाचा रस प्यायलो, ५८ चे ५७ काही झाले नाहीत.

इथं दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला रस्त्यावर गेलो तर अंधारात पंधरा-वीस पोरं. भरतीची. एकानं विचारलं, "काका, येता का?" वय ३८, काका ऐकून अर्धा दम तिथंच गेला. तरी गेलो. पहिल्या दिवशी शेवटून पहिला. पण एक पोरगं दर फेरीला मागं वळून बघायचं, "काका, खांदे सैल सोडा" म्हणायचं आणि पुढं जायचं. रविवारी ही पोरं धरणाच्या दिशेनं लांब पळतात. परवा त्यांच्यासोबत दहा किलोमीटर झाले: ५३ मिनिटं १० सेकंद. हवा पुण्यापेक्षा गरम, रस्त्यावर खड्डे, रात्री जेवणात पिठलं-भाकरी.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. केनियातल्या इटेनमधून, इथिओपियातल्या बेकोजीसारख्या लहानशा गावातून जगज्जेते निघतात. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे केनियाच्या पोरांना घाम फोडतो. हे रक्तात असतं, मातीत असतं, की आजूबाजूला सगळेच पळतात म्हणून होतं? म्हणजे पळणं हे पायांचं काम की गावाचं?

ऑडिटर_अण्णा

आधी किलोमीटर तपासा. गावाकडचा किलोमीटर लहान असतो. "हे काय, इथंच आहे" म्हणतात ते साडेचार किलोमीटर भरतं, त्याची भरपाई कुठंतरी होतच असणार.

मांजराकाठ

अण्णा, घड्याळ तेच होतं. उपग्रहाला पुणे-केज फरक कळत नाही.

पुणेरी_पळपुटा

यात कोडं काय आहे? २०१९ साली व्हिएन्नात केनियाच्या किपचोगेनं १:५९:४० ला मॅरेथॉन संपवली तेव्हा त्याच्याभोवती आळीपाळीनं ४१ जण पळत होते. वारा अडवायला आणि वेग धरायला. तो विक्रम म्हणून धरला गेला नाही, त्याचं एक कारण तेच. तुमच्या भोवती वीस पोरं होती. किपचोगेच्या निम्मी. त्या मानानं ५३ जास्तच झाले.

डॉ_धाप

थोडं वैद्यकीय. लांब पळण्याचं गणित मोटामोटी तीन गोष्टींवर चालतं: शरीर किती प्राणवायू वापरू शकतं, त्यातला किती टक्का बराच वेळ टिकवता येतो, आणि ठरावीक वेगाला किती प्राणवायू खर्च होतो. तिसरी म्हणजे गाडीचं अॅव्हरेज. केनियातल्या कालेंजिन जमातीच्या धावपटूंच्या पोटऱ्या बारीक, पाय लांब, त्यामुळं पाय उचलायला कमी खर्च. इटेन समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटरवर आहे. बीड जेमतेम पाचशे. त्यामुळं विरळ हवेचा मुद्दा आपल्याकडं बाद.

उन्हाचा मात्र नाही. काही दिवस उकाड्यात पळलं की रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. धागाकर्त्याला थोडा फायदा त्याचाही झाला असेल. पण पाच मिनिटं? नाही. पाच मिनिटं पोरांची.

पाटोदेकर

साबळेचं नाव निघालं म्हणून लिहितो, आमच्या शेजारचा तालुका आहे. आई-वडील वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटर लांब, गाडी नाही. पोरगं पळतच जायचं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) ८:११.२० ला रौप्य. सोनं गेलं ०.०५ सेकंदानं. १९९८ पासून दर राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेऊन जायचं, ती रांग आमच्या आष्टीच्या पोरानं मोडली. पुढच्या वर्षी हांगझोऊ आशियाईत सोनं. त्या राती आमच्याकडं लोकांनी फटाके वाजवले, स्टीपलचेस म्हणजे काय हे विचारत विचारत. त्यामुळं माझं उत्तर: माती. दुष्काळी माती माणसाला चिवट करते.

निवृत्त_पीटी

पाटोदेकर, अभिमान मलाही आहे. पण "सहा किलोमीटर पळत शाळेत जायचा" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. मी एकतीस वर्षं जिल्ह्यातल्या तीन शाळांत पीटी शिकवली. माझी निम्मी पोरं वाडी-वस्ती-तांड्यावरून चालत यायची. कुणी चार, कुणी सात किलोमीटर. त्यातला एकही ऑलिम्पिकला गेला नाही. इथिओपियाचा धावपटू हैले गेब्रसेलासीचा डावा हात पळताना वाकडा राहायचा, लहानपणी त्या हातात पुस्तकं धरून शाळेला पळायचा म्हणून. गोष्ट खरीच आहे. पण त्याच रस्त्यावरून पळणारी बाकीची पोरं कुठं गेली, हे कुणी विचारत नाही.

साबळेचंच घ्या. शाळेतून तो ऑलिम्पिकला गेला नाही, बारावीनंतर सैन्यात गेला. महार रेजिमेंट, सियाचीनची पोस्टिंग. धावपटू म्हणून त्याची सुरुवात २०१५ च्या सुमारास सैन्यातल्या क्रॉस कंट्रीपासून झाली, म्हणजे विशी ओलांडल्यावर. स्टीपलचेस त्याच्याही नंतर. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० पळाला तेव्हा गोपाळ सैनींचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत वीस सेकंद. हे वीस सेकंद मातीनं दिले नाहीत. रोज सोबत पळणारी टोळी, दोन वेळचं पुरेसं जेवण, प्रशिक्षक आणि महिन्याचा पगार, यांनी दिले. मातीनं पोरगं दिलं, एवढं कबूल.

आता माझा गुन्हा. १९९४ च्या आसपास माझ्याकडं एक पोरगं होतं, पंधराशे मीटरला असा पाय की बघत राहावं. जिल्ह्याला पहिला आला. विभागीय स्पर्धेच्या आठवड्यात आई-बाप कारखान्यावर ऊसतोडीला निघाले, पोरगं धाकट्या भावंडांसोबत गाडीत. मी अडवलं नाही. अडवून ठेवणार कुठं? माझ्या घरी ठेवता आलं असतं. ते सुचलं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि अर्ध्या कोयत्याची (नवरा-बायकोच्या जोडीतल्या एकट्याची) उचल घेऊन बसला होता.

मांजराकाठ

सर, हे वाचून थांबलो थोडा वेळ.

तिरकस

कालेंजिन पोरांच्या दीक्षाविधीत चेहऱ्याला चिखल लावतात म्हणे. शस्त्र चालताना चेहरा हलला तर चिखलाला तडा जातो आणि पोरगं भित्रं ठरतं. वेदना दाखवायची नाही हे लहानपणीच अंगात मुरतं, म्हणून शेवटच्या फेरीत ते मोडत नाहीत, असा एक सिद्धांत आहे. आपल्याकडं उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बायका बघा. वेदना दाखवतात का?

रेणुका_प

तिरकस, हे फार गोड लागतं ऐकायला. कष्टानं धावपटू तयार झाले असते तर अख्खा कोयता ऑलिम्पिकला गेला असता. मोळी वाहून पाठ जाते, दम वाढत नाही. माझी मावशी चाळिशीत साठीची दिसते.

मी स्वतः पळालेली आहे, म्हणून सांगते. आठ वर्षांपूर्वी पोलीस भरतीसाठी. तेव्हा गावात पळणारी मी एकटी मुलगी. पहाटे दादा मोटारसायकलवर मागं, दिवा माझ्या पायांवर. आठवडाभरात गावात चर्चा: "पोरगी पळायली की पळून चालली?" मराठीत ही एक गंमतच आहे. पोरगा पळाला तर शर्यतीत, पोरगी पळाली तर कुणाचा तरी हात धरून. आईनं दादाला बजावलं, गाडीचा हॉर्न वाजवत जा, म्हणजे लोकांना कळेल की घरचं माणूस मागं आहे. सगळी गल्ली साडेचारला उठायची. शिव्या मला.

आठशे मीटर काही केल्या निघेना. दुसऱ्या फेरीत डोळ्यांपुढं अंधारी. सगळे म्हणाले दम कमी आहे, मनाची तयारी नाही. शेवटी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.४. तीन महिने लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, आणि जेवणानंतर लगेच चहा बंद. ग्राउंड (भरतीची मैदानी चाचणी) निघालं. आज वर्दीत आहे. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. पोरीच्या ताटात शेवटी काय उरतं, तिथूनच तिची दुसरी फेरी ठरते.

डॉ_धाप

रेणुकाताईंच्या प्रतिसादाला उभं राहून. प्राणवायू वाहतो हिमोग्लोबिनच. ते कमी असताना "मन घट्ट कर" म्हणणं म्हणजे टाकीत पेट्रोल नसताना किक मारत राहणं.

तिरकस

मोळीचं वाक्य मागं घेतो.

कण्याताक

मूळ विषयात जेवण आलं म्हणून. केनियाचे लोक उगाली खातात, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत पालेभाजी, दूध आणि भरपूर साखरेचा चहा. म्हणजे आपल्या ज्वारीच्या कण्या, ताक आणि टपरीचा चहाच की! मग मी मागं का?

ऑडिटर_अण्णा

कारण ते खाऊन पळतात आणि तुम्ही खाऊन प्रतिसाद लिहिता.

पुणेरी_पळपुटा

त्यांच्या शिबिरांबद्दल वाचलंय. पहाटे पळणं, नाश्ता, झोप, दुपारी जेवण, झोप, संध्याकाळी हलकं पळणं, पुन्हा झोप. काप्तागातच्या शिबिरात किपचोगेसुद्धा पाळीप्रमाणं संडास धुवायचा. मोठा-छोटा नाही. पण मला झोपेचं जास्त कौतुक वाटलं.

पाटोदेकर

आमच्याकडं दुपारी झोपलेलं पोरगं बापाला दिसलं की, "भरतीची तयारी करायलाय म्हणं, अन् पडलंय पसरून!" शेतात पाण्याची दारं धरायला पाठवतात लगेच. बाराच्या उन्हात.

सोळाशे_मीटर

नमस्कार. मी धागाकर्ते काकांसोबत पळणाऱ्या ग्रुपमधला. काकांनीच लिंक दिली. खांदे सैल सोडा म्हणणारा मीच.

सर लोकांनी लई भारी लिहिलंय पण एक सांगतो. आम्ही पळायची आवड म्हणून पळत नाही. पोलीस भरतीला १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदात मारलं की २० पैकी २०. एक एक मार्कावर पोरं बाहेर जातात. म्हणून आमचं सगळं पळणं १६०० चं. तिथं संपतं. आमच्या ग्रुपमधली तीन पोरं मागच्या वर्षी लागली, त्यातलं एक पण आता पळत नाही. पोटं सुटली. अन् ज्याचं वय निघून जातं तो दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर दिसत नाही. लाज वाटते म्हणं, लोक विचारतात आता कशाला पळायलास.

ग्रुपचं म्हणाल तर एकट्यानं पहाटे चारला उठणं होत नाही. कोण नाही आलं की त्याच्या दारात जाऊन सगळे शिट्ट्या मारतो. त्याची आई उठून त्याला हाकलते. काकांच्या दारात मारली नाही, मान ठेवला.

मांजराकाठ

आमच्या म्हाताऱ्यानं शिट्टी नसताना पण हाकललं असतं, काळजी करू नकोस.

निवृत्त_पीटी

या पोरानं नस पकडली. केनियातही पळणं हा छंद नाही, पोटाचा मार्ग आहे. शर्यतीच्या बक्षिसातून जमीन, गाई, भावाचं शिक्षण. फरक असा की त्यांच्या शर्यतीच्या पलीकडं आणखी शर्यती आहेत. पाच हजार, दहा हजार, अर्धी, पूर्ण. शाळेपासून साखळी आहे. इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ ला आयर्लंडहून एक धर्मबंधू, कोल्म ओ'कॉनेल, भूगोल शिकवायला आले आणि पोरांना पळवत तिथंच राहिले. आपली साखळी सोळाशे मीटरला तुटते. पुढचं एकच दार, सैन्य.

सह्याद्रीतला_पाहुणा

साताऱ्यातला माण तालुका पण दुष्काळीच. तिथली ललिता बाबर खो-खोतून पळण्यात आली आणि २०१६ च्या रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. परभणीच्या ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या. त्यामुळं मराठवाड्यात साबळे एकटेच असं समजू नका.

ऑडिटर_अण्णा

आमच्या शहरात जयंतीला "भव्य मॅरेथॉन" असते. तीन किलोमीटर. उद्घाटनाची भाषणं मात्र बेचाळीस किलोमीटरची.

वेळापूरचा_धावा

मराठी भाषेवर रेणुकाताई बोलल्या तेच पुढं नेतो. पळपुटा, पळून गेला, पळ काढला: सगळं भित्र्याचं. पण "धाव" बघा. देव धावून येतो, भक्त धावा करतो. वारीत माउलींची पालखी वेळापूरजवळ येते तिथल्या उतारावरून वारकरी चक्क धावतात, त्याला धावाच म्हणतात. तिथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. मी स्वतः सत्तरीच्या म्हाताऱ्यांना तिथं टाळ घेऊन पळताना बघितलंय, आणि हेच म्हातारे गावात एसटीच्या पायरीवर चढताना "आई गं" म्हणतात.

शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, परळी, अंबाजोगाईवरून जाते, महिनाभर चालते. चालण्याची संस्कृती आपल्याकडं दांडगी आहे. चालताना कुणी घड्याळ बघत नाही, हाच काय तो घोळ.

डॉ_धाप

घोळ की शहाणपण? जपानच्या शर्यतीबद्दल सांगायचा मोह होतोय. तिकडं एकिदेन म्हणून प्रकार आहे, लांब पल्ल्याची रिले. हाकोने एकिदेन १९२० पासून होते: विद्यापीठांचे संघ, दहा जण, दोन दिवस, तोक्योहून हाकोनेच्या डोंगरापर्यंत आणि परत, साधारण २१७ किलोमीटर. हातात काठी नसते, खांद्यावरून कापडी पट्टा, तसुकी. तो घामानं भिजलेला पट्टा पुढच्याच्या हातात द्यायचा. पुढच्या संघांपेक्षा फारच मागं पडलात तर तुमचा पट्टा पोचायच्या आत पुढच्या गड्याला दुसऱ्या पट्ट्यावर सोडून देतात. पट्टा तुटला म्हणतात त्याला. पोरं रस्त्यावर कोसळतात, रांगत जातात, पण पट्टा पोचवतात. दोन-तीन जानेवारीला अख्खा देश टीव्हीपुढं. जपानमध्ये लांब पळणारे इतके का, याचं बरंचसं उत्तर त्या पट्ट्यात आहे. माणूस स्वतःसाठी थांबतो, दुसऱ्याच्या पट्ट्यासाठी थांबत नाही.

सोळाशे_मीटर

डॉक्टर, हे तर आमचं ज्योतीचं झालं की!

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही टेम्पो करून तुळजापूरला जातो. दर्शन, मग देवीच्या इथून ज्योत पेटवायची अन् पळत गावाकडं. शंभराच्या आसपास किलोमीटर. अनवाणी. एकानं पाव किलोमीटर, अर्धा किलोमीटर मारायचं अन् ज्योत पुढच्याच्या हातात. थांबायची नाही, विझायची नाही. मागं टेम्पोत गाणी, "आई राजा उदो उदो". वाटंत गावोगाव लोक चहा, केळी घेऊन उभे. बाया पायावर पाणी घालतात.

मागच्या साली कळंबच्या अलीकडं पाऊस आला. ज्योत फडफडायली. ज्याच्या हातात होती ते पोरगं सोळाशेला कधी साडेसहाच्या आत येत नाही. ते त्या दिवशी शर्ट काढून ज्योतीवर धरून असं पळालं की टेम्पोवाला म्हणला पोरगं वारं प्यालंय का. किती पळालं माहीत नाही, कुणी मोजलं नाही. दुसरा घ्यायला गेला तर देईना.

पुणेरी_पळपुटा

ही पोस्ट वाचून पळण्याचं अॅप उडवावंसं वाटलं. (उडवलं नाही.)

रेणुका_प

ज्योतीत मुली असतात का रे, सोळाशे?

सोळाशे_मीटर

ताई, आमच्या गावात नाहीत. खोटं कशाला बोलू. शिवजयंतीच्या ज्योतीला दोन होत्या यंदा, वेशीपासून चौकापर्यंत.

रेणुका_प

वेशीपासून चौकापर्यंत. बरं. पुढच्या वर्षी वेशीच्या बाहेर किती, ते मोजून ठेव. तुझ्या ग्रुपात पहाटे एखादी आली तर तिला मागं ठेवू नका, मध्ये पळू द्या. हॉर्नवाला दादा लागणार नाही.

सोळाशे_मीटर

माझी बहीण बारावीला हाय. विचारतो.

निवृत्त_पीटी

रेणुका, मी अजून तंदुरुस्त आहे. केजपासून माझं गाव लांब नाही. सोळाशेच्या पुढचं काही पळवायचं असेल, तीन हजार, पाच हजार, तर पहाटे स्टॉपवॉच घेऊन उभा राहीन. भरती होवो न होवो. सोळाशे, वय निघून गेलेल्या त्या पोरांना पण आण. लाजेचं मी बघतो.

कण्याताक

सर, जेवण माझ्याकडं.

मांजराकाठ

काल पुण्याला परतलो. आज सकाळी टेकडीवर गेलो, जुन्या सवयीनं एकटाच. पहिले दोन किलोमीटर गावाच्या वेगानं गेले, तिसऱ्यापासून कुणी मागं वळून बघणारं नव्हतं. दहाला ५६ मिनिटं. म्हणजे अण्णा, तीन मिनिटं केजमध्ये राहिली आणि दोन सोबत आली, असा ताळेबंद.

उतरताना एक माणूस धापा टाकत चढत होता, खांदे कानापर्यंत. तोंडात आलं होतं, "खांदे सैल सोडा". कानात त्याच्या गाणी. बोललो नाही.

सोळाशे, यंदाच्या ज्योतीला या काकाला टेम्पोत जागा आहे का? तेवढे बूट चालतात का सांग, डांबरावर अनवाणी पळायची सवय गेली.

सोळाशे_मीटर

काका, तुळजापूरपर्यंत बूट घाला, ज्योत हातात घेताना काढायचे. पाव किलोमीटर तर आहे, ऊन उतरल्यावरची पाळी देतो. टेम्पो अन् डिझेलची वर्गणी ३०० रुपये, पुण्यावाल्याला ५००. फोनवरून पाठवली तरी चालंल. आणि पीटी सर उद्या येणार हायेत पाच वाजता, त्यांच्यासाठी कुणाकडं खुर्ची असंल तर आणा म्हणून ग्रुपवर टाकलंय.

निवृत्त_पीटी

खुर्ची नको.